देशी मालक, विलायती मालक आणि रावबहादूर लोखंडे

परदेशी कंपनी यायची म्हटली की तिच्यासाठी कामगार कायदे सैल करायचे, आणि देशी कंपनी कुरकुरली की तेच कायदे तिच्या पायातली बेडी ठरवायचे, हा खेळ आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो फार लवकर ओळखला महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

१८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले, टपाल खात्यात राबले आणि मग मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. त्यामुळे गिरणी त्यांना आतून ठाऊक होती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, उन्हाळ्यात तर तेरा-तेरा तास. आठवड्याची सुट्टी नाही. पगार महिना उलटून गेल्यावर, तोही मालकाच्या सवडीने. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधू’ हाती घेतला आणि या माणसांना वृत्तपत्र मिळाले.

त्या काळात कारखाना कायद्याची मागणी सर्वांत मोठ्याने कोण करीत होते? मँचेस्टर-लँकेशायरचे गिरणीमालक! मुंबईच्या मजुराचा त्यांना कळवळा नव्हता. त्यांच्या देशात कामाचे तास कायद्याने बांधले गेले होते, मुंबईत ते मोकळे होते, आणि मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या बाजारपेठा खात होते. इकडे देशी मालकांनी याच गोष्टीचे भांडवल केले. कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा विलायती कावा, अशी ओरड झाली आणि स्वतःला राष्ट्रीय म्हणवणारी बहुतेक वृत्तपत्रेही तिच्यात सामील झाली. पण मुंबईच्या गिरणीमालक संघात देशी शेटजींच्या मांडीला मांडी लावून ग्रीव्हज कॉटनसारखी इंग्रज एजन्सीही बसत होती. तिथे मात्र स्वदेशी-विदेशी असा भेद नव्हता! सोराबजी शापूरजी बंगालींसारखा एखादाच भला माणूस कायद्याच्या बाजूने बोलला. १८८१ चा पहिला कायदा आला तो एवढाच, की सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये. प्रौढ स्त्री-पुरुषांबद्दल अक्षर नाही.

लोखंडे यांनी दोन्ही मालकांच्या भांडणात कोणाचीच बाजू घेतली नाही. १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढून त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई, या त्यातल्या मागण्या. असोसिएशनला ना वर्गणी होती ना घटना, म्हणून तिला युनियन मानू नये असे काही डावे अभ्यासक सांगतात. तसे असेल, पण रविवार तिनेच मिळवून दिला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास मोकळेच राहिले.

१८९५ मध्ये लोखंडे रावबहादूर झाले. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करतानाच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांना मृत्यूने गाठले. टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले ते २००५ मध्ये.

पुरुषांच्या तासांचे काम पुढे बाबासाहेबांच्या हाती आले. मजूर मंत्री म्हणून त्यांनी मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने, गुंतवणूक यावी म्हणून, कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस कायम आहेत आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. कंत्राटी कामगार ती संमती नाकारून दुसऱ्या दिवशी गेटच्या आत कसा जाणार, हे कोणी सांगितलेले नाही.