तरटावर बसणारा भिवा



कासारवाडीला लोणावळ्याची लोकल धरलीत की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी मागे टाकून तुम्ही देहूरोडला उतरता. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. मुलाबाळांना घेऊन तुम्ही ते विहार पाहिले असेलच. आज मात्र मूर्ती बसविणाऱ्या बाबासाहेबांविषयी नव्हे, तर साताऱ्याच्या शाळेत जाणाऱ्या लहानग्या भिवाविषयी सांगावयाचे आहे. तुमचे मूलही त्याच वयाचे आहे.

भिवाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाई लवकर वारली, आत्या मीराबाईने सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्याचे नाव पहिल्या इंग्रजी इयत्तेत घातले गेले.

शाळेत त्याची जागा कोपऱ्यात. बसायला घरून नेलेले तरट. ते संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळेचा गडी त्याला शिवत नसे. इतर मुले तहान लागली की नळावर जात. भिवाला मास्तरांची परवानगी हवी आणि नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसला की तहान तशीच. न्हावी केस कापीत नसे, ते काम थोरली बहीण करी.

हे मूल धडे शिकत होते, आणि त्याच वेळी आपली किंमत काय हेही शिकत होते. हा दुसरा धडा तरट शिकवीत होते, नळ शिकवीत होता.

त्याच काळात आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या भाजीभाकरीतला वाटा रोज त्याला देत. एकदा भिवा पावसात चिंब भिजून आला, तेव्हा पेंडसे मास्तरांनी आपल्या मुलाबरोबर त्याला घरी धाडून गरम पाणी आणि कोरडी लंगोटी दिली. शाळेची रीत यामुळे पालटली नाही, हेही सांगितले पाहिजे.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर मुले धावली ती फळ्यामागचे आपले डबे उचलायला! १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. तेथून नागपूरची वाट किती लांब होती, ते तुम्ही जाणताच.

आज संविधानाच्या १७ व्या कलमाने तरट गेले. पण तुमच्या मुलाला शेजारी कोण बसवून घेते? त्याच्या डब्यातले कोण खाते? आपण मार्क तेवढे विचारतो. आणि उत्तर प्रदेश-बिहारहून कारखान्यात आलेल्या कामगाराचे, मराठी न येणारे मूल वर्गात एकटे बसत असेल, तर आपले मूल त्याच्याशी कसे वागते, हेही विचारा. विहारात मैत्री आणि करुणा म्हणतो, त्यांची पहिली परीक्षा त्या बाकावर होते.

बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले, तेव्हा आंबेडकर गुरुजींचे पत्र आले. साऱ्या देशाची कागदपत्रे ज्यांच्या टेबलावर येत, त्यांनी भाकरी देणाऱ्या मास्तरांचे ते पत्र जपून ठेवले होते.