नान्सेन यांची पहिली शोधयात्रा

ध्रुवप्रदेशाचे धाडसी संशोधक आणि शांततेच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी म्हणून फ्रित्यॉफ नान्सेन जगाला परिचित आहेत. मात्र ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडण्यापूर्वी हा नॉर्वेजियन तरुण सहा वर्षे सूक्ष्मदर्शकापाशी बसून सागरी जीवांच्या चेतासंस्थेचा वेध घेत होता. मेंदूविज्ञानाच्या पायाभरणीतील त्यांचा हा वाटा आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ओस्लोनजीक झाला. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी असताना १८८२ मध्ये ते सीलच्या शिकारीसाठी निघालेल्या जहाजातून उत्तरेकडील हिमसागरात जाऊन आले. त्याच वर्षी बर्गनच्या संग्रहालयात त्यांची नेमणूक झाली. तेथे कुष्ठरोगाचे नामांकित अभ्यासक डॅनियल डॅनिएल्सन यांचे पाठबळ त्यांना लाभले.

त्यांनी प्रथम मायझोस्टोम हे चपटे, चिमुकले जीव निवडले. तारामाशांशी नाते असलेल्या आणि पिसांसारखे हात असलेल्या प्राण्यांच्या अंगावर ते राहतात. अशा परोपजीवी जगण्यामुळे त्यांचे बाह्यरूप इतके पालटले आहे, की त्यांचे कूळ कोणते हा वाद दीर्घकाळ चालला. आज बहुतेक अभ्यासक त्यांना वलयांकित कृमींत गणतात. रूप फसवे असले, तरी अंतर्रचनेत वंशाच्या खुणा टिकून राहतात. नान्सेन यांनी या जीवांच्या अंतर्रचनेवर लिहिलेला ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. त्यांनी पदक कांस्याचे घेतले आणि सोन्याच्या किमतीत इटली गाठली.

पावियाच्या कामिल्लो गोल्जी यांनी चेतापेशी रंगवण्याची एक विलक्षण रीत शोधली होती. पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांच्या प्रक्रियेने मोजक्याच पेशी काळ्या होत आणि त्यांच्या शाखा टोकापर्यंत दिसत. १८८६ मध्ये नान्सेन यांनी ती आत्मसात केली. नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रालाही त्यांनी भेट दिली.

बर्गनला परतल्यावर कृमी, शेवंडीसारखे कवचधारी, खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे ॲसिडियन आणि जबडा नसलेला हॅगफिश अशा परस्परांपासून दूरच्या प्राण्यांच्या चेता-ऊतींची त्यांनी तुलना केली. चेतापेशी एकमेकींत विलीन होऊन अखंड जाळे बनते, असे गोल्जींसह अनेकांचे मत होते. नान्सेन यांना मात्र शाखांची दाट गुंफण दिसली, मीलन आढळले नाही. हा निष्कर्ष त्यांनी १८८७ मध्ये निःसंदिग्धपणे मांडला. ज्यांची पद्धत वापरली, त्यांच्याच सिद्धान्ताला तो छेद देणारा होता. हॅगफिशच्या मेरुरज्जूत शिरणारे संवेदी तंतू दुभंगून एक फांदी वर व दुसरी खाली जाते, हेही त्यांनी दाखवले.

त्याच सुमारास विल्हेल्म हिस आणि ऑगस्ट फोरेल हेही स्वतंत्रपणे अशाच मताला आले होते. स्पेनच्या रामोन इ काहाल यांचे प्रसिद्ध कार्य त्यानंतरचे, आणि ‘न्यूरॉन’ हे नाव १८९१ चे. तोवर नान्सेन यांची वाट बदलली होती. एप्रिल १८८८ मध्ये डॉक्टरेटची परीक्षा देऊन काही दिवसांतच ते ग्रीनलंडला निघाले. पुढे १८९३ ते १८९६ ही ‘फ्राम’ जहाजाची मोहीम झाली. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ४ लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचवले, राष्ट्रहीन निर्वासितांना ओळखपत्र मिळवून दिले. १९२२ चा नोबेल पुरस्कार त्याच सेवेचा गौरव होता.

चेतासंस्थेवरील नोबेल १९०६ मध्ये गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. १३ मे १९३० रोजी नान्सेन यांचे निधन झाले. पेशी-पेशींमधील सूक्ष्म फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. बर्गनच्या त्या तरुणाने तिचे अनुमान साध्या भिंगांनी आणि समुद्रातल्या किड्यामाशांच्या साहाय्याने केले होते.