चौदा नंबरचा सावामुरा

सतराव्या वर्षी आपण काय करत असतो? बारावीचा अभ्यास, नाहीतर तो टाळायचे बहाणे. एजी सावामुरा त्या वयात बेब रूथला आऊट करत होता!

साल १९३४. रूथ, लू गेरिग अशा दिग्गजांची अमेरिकन टीम जपानच्या दौऱ्यावर होती आणि यजमानांची मस्त धुलाई करत होती. २० नोव्हेंबरला शिझुओकाच्या मैदानावर बॉल हातात आला या शाळकरी पोराच्या. त्याने गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना ओळीने स्ट्राइकआऊट केलं. शेवटी गेरिगच्या एका होमरनने जपान १-० हरलं, पण देशाला हिरो मिळाला.

प्रोफेशनल टीमकडून खेळायचं तर शाळा सोडावी लागणार होती. त्याने सोडली. ही टीम म्हणजेच पुढची टोकियो जायंट्स. १९३६ साली त्याने जपानी लीगमधला पहिला नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट मारू दिला नाही. १९३७च्या वसंतातल्या सीझनमध्ये २४ विजय, फक्त ४ पराभव!

पण शाळा सोडण्याचं बिल नंतर आलं. कॉलेजातल्या मुलांना तेव्हा सैन्यभरतीतून सवलत मिळायची. सावामुराकडे कॉलेजच नव्हतं. १९३८मध्ये बोलावणं आलं आणि तो चीनच्या आघाडीवर गेला. बॉलपेक्षा कितीतरी जड हातबॉम्ब फेकून फेकून त्याचा खांदा कामातून गेला. डाव्या हाताला गोळी लागली, मलेरियाही झाला. परतला तेव्हा जुना वेग गायब. गड्याने हात बाजूने फिरवून टाकायची नवी स्टाइल शिकली आणि १९४०मध्ये तिसरा नो-हिटर काढला. त्यानंतर पुन्हा सैन्य. १९४३मध्ये परत आला, तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. टीमने त्याला नारळ दिला. तिसऱ्या बोलावण्यानंतर, २ डिसेंबर १९४४ रोजी, सैनिकांना नेणारं त्याचं जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. वय फक्त २७.

युद्ध संपल्यावर जपानी पोरं गल्लीत पुन्हा मेन्को खेळू लागली. जाड पुठ्ठ्याचं कार्ड जमिनीवर जोरात आपटायचं आणि समोरच्याचं उलटवायचं, असा हा खेळ. त्या कार्डांवर बेसबॉल स्टार्सचे चेहरे झळकू लागले. त्यात कावाकामी होता, सावामुराचा जायंट्समधला जोडीदार. पोरांनी त्याचं कार्ड खिशात ठेवायचं आणि दुपारी त्यालाच मैदानावर बघायचं. सावामुराच्या वाट्याला हे दिवस आलेच नाहीत.

जायंट्सने १९४७मध्ये त्याचा १४ नंबर कायमचा निवृत्त केला. त्याच वर्षी सर्वोत्तम पिचरसाठी सावामुरा पुरस्कार सुरू झाला. योशिनोबू यामामोतोने तो २०२१पासून सलग तीनदा जिंकला आणि मग अमेरिका गाठली. कुणीच त्या तोडीचं खेळलं नाही, तर त्या वर्षी पुरस्कार दिलाच जात नाही. २०१९ आणि २०२४ साली तसंच झालं.