डोळे की कान?

डोळे जावेत की कान, असे कुणी विचारले तर आपण बहुतेक जण कान देऊन मोकळे होऊ. हेलन केलर यांचे मत उलट होते, आणि त्यांच्यापाशी तर दोन्ही नव्हते.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना आजारपणात दृष्टी गेली, ऐकणेही गेले. १८८७ साली ॲन सलिव्हन ही शिक्षिका घरी आली. तिने छोट्या हेलनच्या एका हातावर पंपाचे पाणी सोडले व दुसऱ्या तळव्यावर बोटांच्या खुणांनी ‘पाणी’ हा शब्द उमटवला. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे त्या दिवशी मुलीला उमगले. १९०४ साली ती पदवीधर झाली!

बहिरेपण हेच मोठे दुःख, असे हेलनबाईंनी १९१० साली एका डॉक्टरांना कळवले. माणसाचा आवाज तुटला की माणसांची सोबत तुटते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या घरातही आजोबांना दिसेनासे झाले तर आपण हात धरतो. ऐकू येईनासे झाले तर चिडतो.

दुसऱ्याच्या ओठांवर व गळ्यावर बोटे ठेवून त्या बोलणे समजून घेत. स्वतःही बोलायला शिकल्या, परंतु परक्यांना ते बोल नीट कळत नसत. १९६८ साली त्या वारल्या. ही खंत आयुष्यभर राहिली.