कैरोच्या आकाशातला नवा तारा

अली इब्न रिझवान यांचा जन्म इ.स. 988 च्या सुमारास कैरोजवळच्या गिझा गावी झाला. वडील भट्टीवर रोट्या भाजत. घरात गरिबी, पण मुलाला शिकण्याची ओढ. दहाव्या वर्षी तो कैरोत आला, चौदाव्या वर्षी वैद्यक शिकू लागला. गुरूला द्यायला पैसे नव्हते, म्हणून बराचसा अभ्यास पुस्तकांवरच केला. पोटासाठी तो लोकांचे भविष्य सांगे.

त्याच दिवसांत, इ.स. 1006 च्या एप्रिल-मेमध्ये, वृश्चिक राशीत एक नवा तारा झळकला. हे हिजरी 396 चे वर्ष. त्या साली रमजान जूनमध्ये आला, तेव्हाही तारा दक्षिणेकडे तळपत होता. पुढे नामवंत हकीम झाल्यावर टॉलेमीच्या ग्रंथावरील भाष्यात इब्न रिझवान यांनी त्याचे वर्णन केले : आकार शुक्राच्या अडीच ते तीनपट, प्रकाश चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडा अधिक. त्या दिवशी सूर्य-चंद्र व ग्रह कुठे होते, हेही नोंदवले. युद्ध, दुष्काळ अशा आपत्तींशी त्यांनी ताऱ्याचा संबंध जोडला. त्या काळची समजूतच तशी होती.

फातिमी दरबारात त्यांना मुख्य हकिमाचा मान मिळाला. स्वभाव मात्र तिखट. बगदादचे ख्रिस्ती वैद्य इब्न बुतलान कैरोत आले, तेव्हा दोघांत जोराचा वाद पेटला. निमित्त काय, तर कोंबडीचे पिल्लू अधिक उष्ण की इतर पक्ष्यांचे! पुढे विषय वाढला : विद्या गुरूकडून घ्यावी की पुस्तकातून? अखेर इब्न बुतलान कैरो सोडून कॉन्स्टँटिनोपलला गेले. हिजरी 446 मध्ये, म्हणजे इ.स. 1054 च्या सुमारास, मिथुन राशीत दिसलेल्या दुसऱ्या नव्या ताऱ्याची नोंद त्यांनी केली.

आज आपण जाणतो, की दोन्ही घटना ताऱ्यांच्या स्फोटाच्या होत्या. 1006 मध्ये एका श्वेत बटू ताऱ्याच्या पूर्ण ठिकऱ्या उडाल्या. मागे फक्त वायूचे पसरते कवच राहिले. 1054 च्या स्फोटात मात्र ताऱ्याचा गाभा आत कोसळला. त्यातून उरलेला पल्सर क्रॅब तेजोमेघात सेकंदाला 30 वेळा फिरतो. त्याचा शोध 1968 मध्ये लागला.

1006 च्या स्फोटाचे अवशेष 1965 मध्ये रेडिओ दुर्बिणीने सापडले, सुमारे 7,000 प्रकाशवर्षांवर. नेमके कुठे शोधायचे, हे चीन-जपानच्या जुन्या नोंदींसोबत कैरोच्या या हकिमाच्या नोंदीनेही सांगितले.

इब्न रिझवान यांचे उतारवय दुष्काळात आणि मानसिक आजारात गेले. त्यांनी सांगितलेली भविष्ये आज कुणाला आठवत नाहीत. भांडणारे दोघेही गेले. मात्र एकाने एका ताऱ्याची आणि दुसऱ्याने दुसऱ्याची, अशी त्यांनी डोळ्यांनी पाहून केलेली नोंद हजार वर्षांनंतरही जगाच्या उपयोगी पडते आहे.