ट्रॅक्टरवाल्याची स्पोर्ट्स कार: फेरुच्चो लॅम्बोर्गिनी

आमच्या राहुरीत उसाच्या ट्रॉल्या ओढून ट्रॅक्टरची क्लच प्लेट जळाली की मला फेरुच्चो लॅम्बोर्गिनी आठवतो. हो, रीलमधल्या गाडीवाला तोच!

जन्म १९१६ चा, इटलीतल्या रेनाझ्झोत, द्राक्षबागायतदाराच्या घरी. युद्धात ऱ्होड्स बेटावर हवाई दलाच्या गाड्या दुरुस्त केल्या. परतल्यावर लष्कराच्या भंगारातून ट्रॅक्टर बनवले. पेट्रोलवर सुरू करायचे, मग स्वस्त डिझेलवर चालवायचे, ही त्याची युक्ती.

फावल्या वेळात त्याने छोटी फियाट टोपोलिनो मॉडिफाय केली. छप्पर काढलं, इंजिन ७५० सीसीपर्यंत वाढवलं. १९४८ च्या मिले मिलिया शर्यतीत ती गाडी थेट एका खानावळीत घुसली. त्याचं रेसिंग तिथेच संपलं. माझी जुनी गाडी सध्या गॅरेजवर उघडी पडलीय, त्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला. इंजिनचं काम थांबवलंय. पैसे आधी ब्रेक, टायर नि सस्पेन्शनला.

पुढे पैसा आला, फेरारी घेतली, पण तिचा क्लच सारखा बिघडे. क्लच इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देतो. प्लेट घसरत राहिली की तापते, जळते. त्याने ट्रॅक्टरच्या कारखान्यातच ती खोलून दणकट क्लच बसवला, असं सांगतात. १९६३ ला स्वतःची कार कंपनी काढली. त्याला ट्रॅकपेक्षा रस्त्यावर आरामात पळणारी गाडी हवी होती. १९७४ पर्यंत सगळे शेअर विकून गडी पुन्हा द्राक्षबागेत गेला. १९९३ ला वारला.