पंडिता रमाबाई : ग्रंथ आणि ग्रंथाधिकार

स्त्रीने संस्कृत शिकावे की नाही, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या घरात त्यांच्या जन्माच्याही आधी उभा राहिला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्यास आरंभ करताच पंडितमंडळी खवळली. उडुपीच्या विद्वत्सभेपुढे शास्त्रीबुवांनी ग्रंथाधार देऊन आपली बाजू मांडली. मात्र वेदांचा अधिकार स्त्रीस नाही, ही मर्यादा त्यांनीही ओलांडली नाही. पुढे ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आईजवळ बसून त्यांनी भागवत मुखोद्गत केले. तीर्थक्षेत्री पुराण वाचावे आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा या कुटुंबाचा क्रम होता. पोथीपुढे फुले-पैसा ठेवणाऱ्या श्रोत्यांना संस्कृत कळत नसे. अर्थ सांगण्याची अपेक्षाही नसे, कारण श्रवणानेच पुण्य लाभते अशी श्रद्धा होती. दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. बंधू श्रीनिवासशास्त्र्यांसह पायी भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या.

तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेथेच काही ख्रिस्ती मंडळींनी संस्कृत बायबलाची प्रत त्यांच्या हाती ठेवली. भाषा घरचीच, तरी मजकुराचा उलगडा होईना! केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत भेट दिली, तेव्हा वडिलांनी घातलेली मर्यादा आठवून त्या प्रथम बिचकल्या आणि मग वाचू लागल्या. स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे चाळताना त्यांच्या ध्यानात आले, की एरवी परस्परांशी न जुळणारे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना कमी लेखण्याच्या बाबतीत मात्र एकमताचे आहेत.

१८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८२ मध्ये वैधव्य आले. कन्या मनोरमा तेव्हा तान्ही होती. पुण्यात 'आर्य महिला समाज' स्थापून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराची चर्चा पुष्कळ झाली. त्यानंतरच्या वादाकडे मात्र त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चची अधिकृत विधाने निमूटपणे स्वीकारावीत, ही सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा रमाबाईंनी मानली नाही. बायबलात जे स्वतःला दिसेल तेच आपल्यावर बंधनकारक, धर्मगुरूंचा अर्थ नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. क्रूसावरील लॅटिन अक्षरांविषयीही त्यांनी विचारले : संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये अधिक पावित्र्य ते कोणते? जातभाई पंडितांचा जो अधिकार त्यांनी नाकारला होता, तो बिशपांना बहाल करण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांना केवळ धर्मत्यागी म्हणणाऱ्यांनी आणि ख्रिस्ती विजयाचे प्रतीक मानणाऱ्यांनी हा पत्रव्यवहार नजरेआड केला, असेच म्हणावे लागते.

अमेरिकेचा दौरा करून त्या परतल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी 'शारदा सदन' काढले. पुढे ते पुण्यास आले. तेथील विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या तेव्हा 'केसरी'ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी संबंध तोडला. दुष्काळपीडित स्त्रियांसाठी केडगावी 'मुक्ती' उभे राहिले, ते यानंतर.

केडगावीच त्यांनी आयुष्यातले सर्वांत चिकाटीचे काम आरंभिले. बायबलाचे प्रचलित मराठी भाषांतर त्यांना पसंत नव्हते. त्यातील संस्कृतप्रचुर शब्द पौराणिक आणि वेदान्ती अर्थ मागे ओढून आणतात आणि अल्पशिक्षित बाईला ते उमगतही नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी मुळावरून साध्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द निवडून बाहेर काढावेत, यातला विशेष सहज ध्यानात यावा. मुळाशी शब्दनिष्ठ राहण्याच्या आग्रहापायी भाषा जागोजागी ओबडधोबड झाली, हे नाकारता येत नाही. प्रचलित भाषांतराची जागाही हे भाषांतर घेऊ शकले नाही.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. मुद्रिते तपासण्याचे काम तरीही चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या हात आश्रमातल्या स्त्रियांचेच होते.